ओहोटीच्या दिवसाचा पिक्चर

"ह्यो नको गो माका! एक तास बारा मिनटांचो पिक्चर घेवन मी काय करू? सुरू होता होताच संपतलो."

"बाबानू, ल्हान व्हयो म्हणून तुमीच बोंब मारलास ना? गेल्या आठवड्यात एक तास दहाचो लावलंय, तेव्हा म्हटलास झकास. आज एक तास बाराचो ल्हान पडता?"

"तेव्हाची गोष्ट येगळी."

"काय येगळी? टीव्ही तोच, खाट तीच, तुमी पण तेच!"

"आज एक तास चाळीसचो व्हयो. पाच मिनटां कमी-जास्त चलतली. मारामारी मात्र पयल्या मिनटापासून. गाणी नको. रडारडी नको. कोण कोणाक बसान समजावता, ता तर अजिबात नको."

"मगे असा करूया, शिंप्याकडे जावन तुमच्या मापाचो शिवनच आणूया पिक्चर!"

तेजस्वीने रिमोट कमरेला टेकवला आणि सासऱ्याकडे रोखून पाहिलं. लग्नाला दोन वर्षं झाली, पण सासऱ्याशी असं तोंडाला तोंड देण्याची वेळ कधी आली नव्हती. गेले तीन आठवडे मात्र रोज दुपारी दीडच्या सुमाराला हाच तमाशा. फोनवर शोधायचं, "छोटे मारधाडीचे पिक्चर". यादी आली की प्रत्येकाची लांबी बघायची. मग म्हाताऱ्याची पसंती. कधी सव्वा तासाचा हवा, कधी दीडचा. अख्ख्या कुणकेश्वरात एवढं नखरेल गिऱ्हाईक दुसरं नसेल.

गिऱ्हाईकाचं नाव बाळा कुबल. वय बासष्ट, पण गावाला तो बाळाच. आणि गंमत अशी, की या माणसाने जन्मात एकही पिक्चर पुरा बसून बघितलेला नव्हता. लहानपणी जत्रेतल्या तंबूत एकदा बसला होता. मध्यंतरात बाहेर आला, वारा फिरलेला बघितला आणि तसाच होडीकडे पळाला. जेवतानासुद्धा त्याचा एक पाय ताटाकडे तर दुसरा दाराकडे. बोलायला माणूस समोर नसला तर तो दोरीला गाठी मारी, दोरी नसली तर धोतराच्या सोग्याला. आता खाटेवर पडल्या पडल्या त्याने चादरीच्या चारी कोपऱ्यांना अशा गाठी मारून ठेवल्या होत्या, की धुवायच्या वेळी लक्ष्मीला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्या दातांनी सोडवाव्या लागत.

अडीच महिन्यांपूर्वी समुद्रात एकटा असताना त्याच्या छातीत कळ आली. जाळं त्याने सोडलं नाही. ते ओढून घेतलं, वल्हवत किनारा गाठला, मासळी टोपलीत भरली, टोपली लक्ष्मीच्या हाती दिली आणि मग वाळूत बसला तो आडवाच झाला. गोव्याला नेऊन काळजात स्प्रिंग बसवली. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने समुद्र बंद आणि पाण्याच्या तांब्यापेक्षा जड काही उचलायचं नाही. मुलगा सुशांत जामसंड्याला मोबाइलच्या दुकानात कामाला. त्याने चार माणसं लावून होडी वर सुरूच्या झाडांपाशी ओढून ठेवली आणि बापाच्या खाटेसमोर भिंतीवर टीव्ही टांगला. "जगातले सगळे पिक्चर आता घरात इले. तुमी उठायचा नाय."

होडी लाकडाची होती आणि वैशाख लागला होता. पाण्यातली होडी उन्हात पडली की फळ्या सुकतात, आखडतात, सांधे उघडतात. किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. बाळाने सुशांतला सांगितलं तर तो म्हणाला, "फाटली तर फाटली. फायबरची घेवया." आणि जरा थांबून, "नायतर घेवयाच नको."

ते शेवटचे तीन शब्द बाळाला काट्यासारखे सलत राहिले. तपासणीला अजून बारा दिवस होते. डॉक्टर जा म्हणाला आणि होडीचं सरपण झालेलं असलं, तर जायचं कशात बसून?

म्हणून पिक्चर. तो बाळाच्या डोळ्यांसाठी नव्हताच, लक्ष्मीच्या कानांसाठी होता.

पहिल्या आठवड्यातच त्याने ताडलं होतं. टीव्हीवर गाणं लागलं की लक्ष्मी हात पुसत दारात येते. कोणी रडायला लागलं की स्टूल ओढून बसतेच. पण मारामारी सुरू झाली की ती खोलीकडे फिरकत नाही. नवऱ्याला वाळूत पडताना पाहिल्यापासून तिला कोणी पडलेलं बघवत नव्हतं, मग ते टीव्हीतलं का असेना. "शिरा पडो त्या पिक्चरार," म्हणत ती माजघरात चटई टाकून लवंडायची. आतून धडाधड आवाज येतोय, म्हणजे नवरा खाटेवर आहे. आवाज थांबला की चहा घेऊन यायची. लांबलचक पिक्चरमध्ये पहिला अर्धा तास नुसतं बोलणं, म्हणजे त्या शांततेत लक्ष्मीने चार वेळा डोकावणं. आखूड पिक्चरला इतका वेळच नसतो. लागल्या लागल्या गाड्या उडतात.

आणि त्या उडाल्या, की बाळा मागच्या दाराने बाहेर. माडांतून किनारा दोन मिनिटांवर. बालदी होडीखाली लपवलेली. ती समुद्रात बुडवायची, होडीत ओतायची, फळ्या ओल्या राहाव्यात म्हणून. होडीवर घातलेली माडाच्या झापांची सावली सारखी करायची. डॉक्टरांचा मान राखून बालदी अर्धीच.

तिढा एवढाच, की समुद्र काही रोज एका जागी नसतो. चतुर्थीला दुपारी दोनला भरती. पाणी सुरूच्या झाडांजवळ आलेलं, सव्वा तास पुष्कळ झाला. एकादशीला त्याच वेळी ओहोटी. पाणी पार लांब, प्रत्येक अर्ध्या बालदीला तापल्या वाळूतून चालणं, मग बसणं, मग पुन्हा चालणं. त्या दिवशी पिक्चर मोठा हवा.

आज एकादशी होती.

"ह्यो बघा," तेजस्वी शेवटी म्हणाली. "एक तास अडतीस. एक माणूस, एक ट्रक आनी मागे लागलेले पन्नास जण. इंग्रजी आसा, पण हिंदीत बोलतत. दुसऱ्याच मिनटाक स्फोट."

"समजावणारो कोण नाय ना?"

"जो समजावता, तो पयलोच मरता."

"लाव."

तिने पिक्चर लावला आणि सवयीने पेन उचलून माजघरातल्या कॅलेंडरवर आजच्या चौकोनात लिहिलं, 'ट्रक, १ तास ३८'. मध्ये एकदा चुकून आदल्या दिवसाचाच पिक्चर लागला होता आणि बाबांना ते कळलंसुद्धा नव्हतं. आजारपणात विसरायला होत असेल, असं समजून ती तेव्हापासून टिपून ठेवत होती.

स्फोट झाला. बाळा उठला.

बाहेर ऊन असं, की डोळे अर्धेच उघडावेत. पाणी दूर, चकाकणाऱ्या पट्टीसारखं. तिसरी बालदी ओतली आणि बाळा तिथेच थबकला. होडीच्या डाव्या अंगाला, तिसऱ्या आणि चौथ्या फळीच्या मधे, प्रकाशाची रेघ. त्याने बोट लावलं, नख आत गेलं. ओतलेलं पाणी त्या फटीतून बाहेर येऊन वाळूत जिरत होतं.

"थांब गो बाये, थांब वायच," तो होडीला म्हणाला आणि पाण्याकडे निघाला, नेहमीपेक्षा भरभर. चौथी बालदी. पाचवी. सहावी अर्धी राहिली नाही, जवळजवळ भरली. परतताना दम छातीत मावेना. होडीला पाठ लावून तो खाली बसला, तळहात बरगड्यांवर. कळ नव्हती. नव्हती ना? त्याने थांबून खात्री केली. ट्रक आता खंय पावलो असतलो? अर्धा पिक्चर झाला असेल की जास्त? बसवेना. उठला, दोन खेपा आणखी टाकल्या. फळीने पाणी प्यायला सुरुवात केली. धार थांबली, थेंब उरले. अजून तीन बालद्या हव्या होत्या, पण पावलं पुढे पडेनात. आज उशीर झाला असावा. बालदी लपवायचंही त्याला सुचलं नाही, ती हातात तशीच घेऊन तो घराकडे वळला.

मागच्या पडवीत त्याचे पाय थांबले. आतून काही आवाज नव्हता.

टीव्हीवर ट्रकवाला हवेत लटकलेला, तोंड उघडं, जागच्या जागी थिजलेला. खाटेवर लक्ष्मी बसलेली. मांडीवर भिंतीवरचं कॅलेंडर. दारात तेजस्वी खाली मान घालून.

"पुढे काय झाला?" लक्ष्मीने विचारलं.

"कसला?"

"पिक्चराचा. ट्रक खंय गेलो?"

"गेलो... दरीत." बाळाने बालदी पायामागे सरकवली.

"तो पाच मिनटां झाली हंयच लटकान आसा." तिने कॅलेंडर उचललं. "उद्या उपास कधी सोडूचो ता बघूक गेलंय. तर हंय वेगळीच पोथी! आयका. चतुर्थी, एक तास दहा. सप्तमी, एक तास वीस. दशमी, दीड तास. एकादशी, एक तास अडतीस. ह्या पोरीक वाटला, सासऱ्याची आवड बदलता. चाळीस वर्सां मी भरती-ओहोटी बघान चूल पेटवलंय. माका फसवतास?"

"लक्ष्मी, आयक..."

"डॉक्टरान काय सांगल्यान?"

"अर्धीच बालदी गो."

"किती अर्धे?"

बाळा बोटं मोजायला लागला.

"ह्या सगळ्याक मीच कारण," तेजस्वी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "बाबानू, थंय तुमी पडला असतास, हाका मारला असतास, तरी आमी काय आयकणार होतो? हंय मीच शोधून शोधून बॉम्ब फोडत होतंय."

बाळाने खांद्यावरचा पंचा ओढला आणि टोकाला गाठ मारायला लागला. एक मारली, दुसरी मारली.

"फळी उघडली," तो म्हणाला. "डावीकडची. नख जाता आत."

त्याने तिसरी गाठ मारली.

"अजून बारा दिवस. बारा दिवसांनी डॉक्टर म्हणालो, जा बाळा, आनी हंय होडयेचा लाकूड झालेला, तर मी काय करू? हयसर पडान लोकांची मारामारी बघू? तुमका वाटता, मी खाटेर पडलंय म्हणजे सुखात आसंय. माझे पाय बघलास कधी? रातभर चलतत ते."

लक्ष्मीने त्याचे पाय पाहिले. घोट्यापर्यंत ओली वाळू, वर मिठाचा पांढरा पट्टा. छाती अजून वरखाली होत होती. तिने तीही पाहिली.

"खंयची फळी म्हणालास?"

"तिसरी. चौथीक लागान."

"पाणी गळता अजून?"

"थेंब थेंब. तीन बालद्ये घातले तर आज थांबतला. नाय घातले तर सांजेपर्यंत..."

लक्ष्मी उठली. कॅलेंडर तिने तेजस्वीच्या हातात दिलं, रिमोट उचलला आणि बटण दाबलं. ट्रकवाला धाडकन खाली पडला, मागचे पन्नास जण ओरडत सुटले. अडीच महिन्यांत पहिल्यांदा तिने पडणाऱ्याकडे पाठ फिरवली नाही. तो उठून पुन्हा पळायला लागेपर्यंत ती उभी राहिली. मग पदर कमरेला खोचला आणि बाळाच्या पायामागची बालदी काढून घेतली.

"गो, खंय चललंस? भायर ऊन बघ. तुझो उपास आसा, चक्कर येतली! लक्ष्मी! अगो, निदान माका येवंदे, सावलीत बसान सांगतंय खंय ओतूचा ता!"

लक्ष्मीने दाराबाहेर पाऊल टाकलं, मागचं दार ओढून घेऊन बाहेरून कडी घातली आणि माडांतून समुद्राकडे चालू लागली.