टोकनच्या आधीचा चहा

आमच्या ऑफिसात चाव्या येतात आणि जातात, किस्से मात्र आले की मुक्कामच ठोकतात! चावी मालकाला परत करावी लागते, किस्सा कोण परत मागणार? महाडच्या एसटी स्टँडजवळ, झेरॉक्सच्या दुकानाला खेटून आमची दीड टेबलाची खोली आहे. पूर्ण टेबल बाळूभाऊंचं, अर्धं माझं. भाऊ मूळचे पोलादपूरकडचे, धंद्यानं इस्टेट एजंट. करारनामे वाचायचं काम माझं आणि भाऊंचे किस्से लक्षात ठेवायचं कामही माझंच, कारण ते स्वतः दुसऱ्या दिवशी विसरलेले असतात.

* * *

नवं घर घेणारा प्रत्येक जण खुर्चीत टेकायच्या आधी विचारतो, "नवीन बिल्डिंगला एजंट कशाला हो? सेल्स ऑफिस तिथंच आहे की!"

भाऊंचं उत्तर ठरलेलं. "तिथला माणूस बिल्डरचा. चांगला हाय, पण बिल्डरचा. तुमच्या बाजूनं कोण बसणार?"

आणि भाऊ खरोखरच बसतात! रिकाम्या फ्लॅटमध्ये सतरंजी अंथरतात, पिशवीतून छोटी गॅसची शेगडी काढतात आणि चहा ठेवतात. त्या घरात चहा झाल्याशिवाय बयाण्याचं टोकन द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. चहा उकळेपर्यंत माणूस ब्रोशर विसरतो आणि देव कुठे मांडायचे, आईची खाट कुठे टाकायची, असं खरं खरं बोलायला लागतो. एकदा एक बिल्डर वैतागून म्हणाला, "भाऊ, तुम्ही फ्लॅट दाखवता की टपरी चालवता?"

"तुमच्या सेल्सवाल्यापेक्षा माझा चहा लवकर पटतो लोकांना!" भाऊ म्हणाले. बिल्डरनंही मग अर्धा कप मागून घेतला.

* * *

कांबळे सर आले ते एकटेच. हायस्कूलमधून रिटायर झालेले, बोलणं अगदी हळू. सावित्रीच्या मोठ्या पुरात त्यांच्या तळमजल्याच्या भाड्याच्या घरात पाणी शिरलं होतं. नवराबायको शेजाऱ्यांच्या माळ्यावर चढून वाचले. तेव्हापासून पाऊस लागला की शोभाताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, डोळा मिटत नाहीत. कागदपत्रं आणि दोन साड्या भरलेली पिशवी मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसतात. आणि महाडचा पाऊस काही एका दिवसात उरकत नाही.

भाऊंनी विचारलं, "सर, वन बीएचके की टू?"

"काहीही चालेल," सर म्हणाले. "फक्त पाऊस पडत असताना हिला झोप लागेल, असं घर पाहिजे."

भाऊंनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "सर, ही अट कुठल्या ब्रोशरात नाय हो. पण शोधूया."

मी करारनामा वाचत असल्याचं नाटक केलं. डोळे भरून आले होते, काय करणार!

* * *

सर आणि शोभाताईंना घेऊन पहिला पाहिला तो सॅम्पल फ्लॅट. एसी, पडदे, भिंतीवर चकचकीत चित्रं! सेल्सवाला म्हणाला, "बघा मॅडम, मास्टर बेडरूममध्ये डबल बेड टाकूनसुद्धा केवढी जागा उरते!"

भाऊ चपला काढून त्या पलंगावर आडवे झाले. गुडघ्यापासून खालचे पाय बाहेर! पलंगच मुद्दाम लहान करून घेतलेला, खोली मोठी दिसावी म्हणून.

भाऊ झोपल्या झोपल्याच म्हणाले, "साहेब, आम्ही घर बघायला आलोय, पाळणाघर नाय!"

शोभाताई पदर तोंडाला लावून हसल्या. सर मला हळूच म्हणाले, "पावसाळ्यात ही हसली की मला बरं वाटतं." फ्लॅट अर्थातच नापास.

* * *

दुसऱ्या बिल्डिंगमधला सेल्सवाला भलताच उत्साही. त्यानं शोभाताईंना थेट बाल्कनीत नेलं. "मॅडम, प्रीमियम लोकेशन! फुल रिव्हर व्ह्यू! इथून अख्खी सावित्री दिसते!"

शोभाताईंनी एकदा नदीकडे बघितलं, आत आल्या आणि दार लावून घेतलं.

"तिनं मला बघितलंय एकदा," त्या म्हणाल्या. "आता मला तिला बघायचं नाय."

त्या दिवशी भाऊंनी शेगडी पिशवीतून काढलीच नाही.

* * *

आमचे सगळेच ग्राहक काही असे रडवणारे नसतात. गरम पाण्याच्या झऱ्यांच्या सव गावचे एक काका आले होते. सेल्सवाला सांगत होता, "काका, प्रत्येक बाथरूमला गीझर पॉइंट दिलाय!"

काका म्हणाले, "त्यात काय? आमच्या गावाला जमिनीतनंच गरम पाणी येतं. बिल बी नाय येत!"

* * *

उमरठच्या तात्यांचा किस्सा तर मी नेहमी सांगते. घर मुंबईतल्या मुलासाठी, बघायला आले तात्या, आणि मुलगा व्हिडिओ कॉलवर. मुलगा सारखा ओरडतोय, "पप्पा, किचन दाखवा ना! बाथरूम दाखवा!" आणि तात्या मोबाईल खिडकीबाहेर धरून उभे.

"आधी हे बघ! आपल्या बाजूचा डोंगर दिसतोय हितनं!"

"पप्पा, टाइम नही है, मीटिंग आहे माझी! किचन!"

"किचन काय पळून जातंय काय रे? डोंगरावर ढग चढतोय, तो जाईल!"

पलीकडचा मुलगा स्क्रीनजवळ वाकला. मग म्हणाला, "पप्पा, जरा डावीकडे घ्या. आपली वाट दिसते का?"

बापलेक चहा गार होईपर्यंत डोंगरच बघत बसले. किचन शेवटी मी आणि भाऊंनीच बघून घेतलं. बरं होतं.

* * *

भाऊ चुकत नाहीत असं मुळीच समजू नका. कापडे गावच्या काकूंनी विचारलं, "आमच्या तांदळाच्या फेण्या कुठं वाळवू?" भाऊ म्हणाले, "गच्ची तुमचीच हाय!" आमसुलं वाळवणाऱ्या आजींनाही तेच आणि योगासनं करणाऱ्या रिटायर्ड साहेबांनाही तेच!

मे महिन्यात सगळे एकाच सकाळी गच्चीवर भेटले. भाऊंना फोन आला, "ताबडतोब या!" आम्ही वर गेलो तर एका बाजूला फेण्या, दुसऱ्या बाजूला आमसुलं आणि मधोमध साहेब शवासनात.

"गच्ची नक्की कोणाची?" काकू कडाडल्या.

"सगळ्यांचीच की! मी खोटं कुठं बोललो?" भाऊ म्हणाले खरे, पण त्यांचा एक पाय जिन्याकडे वळलेला होता.

सोसायटीची पहिली मीटिंग तिथंच उन्हात झाली. ठराव एकमतानं पास झाला. साहेबांनी शवासन चालू ठेवावं आणि पडल्या पडल्या कावळे हाकावेत!

* * *

श्रावणातली एक दुपार. नदीपासून लांब, चढावरची नवी बिल्डिंग, चौथा मजला. भाऊ आधी खालच्या वाण्याच्या दुकानात डोकावून आले. "रेखा, साखरेची पोती खाली जमिनीवरच ठेवलीत गो," माझ्या कानात म्हणाले. पुराची धास्ती असलेला वाणी पोती कधी खाली ठेवत नाही.

कांबळे सर आणि शोभाताईंना घेऊन आम्ही वर पोहोचलो आणि पावसानं झोडपायला सुरुवात केली. सर सारखे शोभाताईंकडे बघत होते. शोभाताई पिशवी पोटाशी धरून हॉलमध्ये सतरंजीवर बसल्या, दाराकडे तोंड करून. भाऊंनी किचनमध्ये चहा ठेवला. सर नळ उघडून बघत होते, मी खिडक्या. सेल्सवाला नवे बूट करकर वाजवत खाली गेला, दुसऱ्या पार्टीला आणायला.

चहा घेऊन मी हॉलमध्ये आले आणि तिथंच थबकले.

शोभाताई कुशीवर झोपल्या होत्या. पिशवी डोक्याखाली होती. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता आणि त्या चक्क घोरत होत्या!

सर माझ्यामागून आले. त्यांनी बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. भाऊंनी उरलेल्या चहाखालची शेगडी बंद केली आणि आम्हा दोघांना हातानंच बाहेर चला म्हणून खुणावलं. दार अलगद ओढून घेऊन आम्ही तिघं जिन्यात बसलो.

तेवढ्यात खालून करकर करत सेल्सवाला आला, मागे नवी पार्टी. "या सर, हाच फ्लॅट!"

भाऊंनी तोंडावर बोट ठेवलं. "गेला."

"गेला? असा कसा गेला? टोकन कुठाय?"

"आत झोपलंय," भाऊ म्हणाले.

सेल्सवाल्यानं दाराच्या फटीतून आत डोकावून बघितलं.  मग करकरणारे बूट काढून हातात घेतले आणि आमच्या शेजारी पायरीवर बसला.