वन्सं आणि हुकणारी वादळं

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. कापलेलं भात शेतात आडवं पडलेलं, आणि त्याचे भारे बांधून संध्याकाळच्या आत पडवीत आणायचे, एवढं एकच काम माझ्या डोक्यात होतं. अशा दिवशी शेजारीपाजारी टीव्हीवर हवामानाचा अंदाज बघतात. मी वन्संची स्कूटर जागेवर आहे का ते बघते. कारण रत्नागिरी तालुक्यात आज पाऊस कुठे पडणार नाही, हे छातीठोकपणे सांगणारी एकच खूण आहे, ती म्हणजे आमच्याकडेच राहणाऱ्या माझ्या थोरल्या नणंदबाई. त्या जिथे पावसाची वाट बघत उभ्या असतील, तिथे तो पडत नाही.

वन्सं शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, यांनी वादळांचा पाठलाग धरला. साधा पाऊस त्यांना चालत नाही. आषाढातल्या संततधारेला त्या 'नळ उघडा राहिलाय' म्हणतात. त्यांना हवं असतं ते पाऊसकाळ सरल्यावर दुपारी घाटाकडून चढत येणारं, काळंभोर, कडाडणारं वादळ. म्हणजे कापणीच्या दिवसांत आम्हाला नेमकं जे नको असतं ते. नवरात्र संपलं की त्यांचा पाय घरात ठरत नाही. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात फोन, फोनवर उपग्रहाचं चित्र, अशा त्या अंगणात येरझाऱ्या घालतात. चहा बहुधा तुळशीला मिळतो. मध्येच थांबून ओरडतात, "अगो, देवरुखावर डोकं वर काढलंन बघ!" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा साप निघाला समजून मी काठी घेऊन बाहेर धावले होते.

स्कूटरला अडकवलेली त्यांची रेक्झिनची पिशवी या दिवसांत कायम भरलेली असते. आत रेनकोट, दुर्बीण आणि चिवडा. हौस दांडगी असली तरी अक्कल शाबूत आहे. वीज चमकायला लागली की झाडाखाली थांबायचं नाही, हा त्यांचा नियम, आणि तो त्या भेटेल त्याला लावतात. एकदा मे महिन्यात रस्त्याकडेच्या आंब्याखाली विसावलेलं अख्खं वऱ्हाड त्यांनी नवऱ्यामुलासकट उठवलं आणि शाळेच्या पडवीत नेऊन बसवलं. वीज राहिली बाजूला, थेंबसुद्धा पडला नाही. मुहूर्त मात्र टळला. चिपळूणवर ढग जमतायत म्हणून वन्सं एसटीने चिपळूण गाठणार, आणि वादळ त्यांना वळसा घालून इथे येणार, वर यांनीच गच्चीत वाळत घातलेल्या सांडग्या मिरच्या भिजवून जाणार. एका वर्षी समुद्रात वादळ उठलं तेव्हा त्या केळशीला मावसबहिणीकडे जाऊन राहिल्या. वादळ गुजरातकडे वळलं. निघताना तिथल्या मच्छीमारांनी त्यांच्यापुढे ही एवढी सुरमई धरली. "बाई, पुढच्या वेळीपण हितंच या!" वन्सं मासे खात नाहीत. पण मान दिला म्हणून एसटी स्टँडपर्यंत घेऊन गेल्या.

तेव्हापासून त्यांना आमंत्रणं येतात. कुणाचा साखरपुडा उघड्यावर असतो, कुणाची सत्यनारायणाची पंगत अंगणात. "आक्का, तुमच्याशिवाय शोभा नाही." का बोलावतात ते वन्संना कळत नाही असं नाही. जातात, जेवतात आणि आभाळाकडे बघत परत येतात. वादळाच्या मागे एवढी वर्षं घालवलेल्या या बाईला एकही वादळ अंगावर घेता आलेलं नव्हतं.

आणि यंदा तर मुदतच संपत आली होती. त्यांचा मुलगा त्यांना कायमचं पुण्याला न्यायला गुरुवारी येणार होता. घर उंच इमारतीत, वरच्या मजल्यावर. "खिडकीतून बघ की हवी तेवढी वादळं," असं तो म्हणाला, तर वन्संनी त्याला सुनावलं, "फोटोला हार घालून लग्न लागतं काय रे?"

त्या रविवारी सकाळीच त्या रेनकोट घालून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "सुमन, आज पावस गावाला धरणार. दुपारीच. मी जात्ये."

मी स्कूटरची किल्ली उचलून कमरेला खोचली. "भारे घरात येईपर्यंत तुम्ही आमच्या बांधावर बसा."

"छत्री म्हणून बसवत्येस होय मला?"

"हो."

"निदान खोटं तरी बोलायचंस!"

"वेळ नाही, वन्सं."

त्यांनी शेताकडे बघितलं. वर्षभराचं भात होतं, त्यांनाही ते दिसत होतं. रेनकोट काढून त्या बांधावर जाऊन बसल्या. बसल्या म्हणजे टेकल्या, उठल्या, चार पावलं चालल्या, परत टेकल्या. शेवटी साडीचा पदर खोचून भारे बांधायला आल्या. कामाला आलेला गणपत हात जोडून म्हणाला, "आक्का, बसून राव्हा हो! तुमी उठलाव तर येल तो!" दुपारी दक्षिणेकडचं आभाळ काळं झालं. गुरगुर ऐकू यायला लागली. वन्सं तोंड पावसकडे करून भारे बांधत होत्या. त्यांच्या गाठी सैल पडत होत्या, त्या मी मागून आवळत होते. आमच्यावर लख्ख ऊन.

शेवटचा भारा पडवीत पडला तशी मी हातपाय न धुता स्कूटर काढली. "बसा मागे."

"तुला येते चालवायला?"

"मग भाजी काय उडत येते?"

आम्ही पावसला पोचलो तेव्हा रस्त्यावरून लाल पाणी वाहत होतं. नारळाच्या झावळ्या आडव्या पडल्या होत्या. कोपऱ्यावरचा दुकानदार खराट्याने पाणी लोटत होता. "आत्ता गेलं हो! काय कडाडलं! जरा आधी यायचंत!" वन्सं उतरल्या. कुंपणाच्या चिऱ्यांच्या गडग्यावरून पाणी निथळत होतं, त्याखाली त्यांनी हात धरला. "गार आहे गो," एवढंच म्हणाल्या. परत येताना वाटेत त्यांनी विचारलं, "भात कोरडं राहिलं ना सगळं?"

"राहिलं."

"मग झालं."

घरी आल्यावर त्यांनी फोन फडताळात ठेवला, आणि पिशवीतला चिवडा काढून डब्यात परत ओतला. इतक्या वर्षांत तो चिवडा परत डब्यात गेलेला मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकायच्या आधी मी भाच्याला फोन लावला. म्हटलं, "गुरुवारी येऊ नको. भात झोडायचं आहे, समुद्रात काहीतरी शिजतंय म्हणतात, आणि तुझी आई इथून हलली की पाऊस आलाच म्हणून समज."

"मामी, झोडणी कधी संपेल?"

"ती संपली की पेंढा रचायचा आहे. मग आंब्याला मोहोर."

"मोहोराला अजून दोन-तीन महिने आहेत!"

"ते मला ठाऊक आहे," म्हटलं आणि फोन ठेवला. मग डबा उघडून चिवडा पिशवीत भरला आणि पिशवी स्कूटरला अडकवून आले.