सतरंजीनं मोजलेली जमीन

माझ्या बायकोनं जमीन घेतली ती एकरात मोजून नाही, सतरंजीत मोजून घेतली. मी जन्मभर महसूल खात्यात कारकून. माझ्यासारख्याच्या घरात असं घडावं, यावरून कचेरीत माझी जेवढी चेष्टा झाली तेवढी आजवर कुणाची झाली नसेल. म्हणून ही हकिकत मीच सांगून टाकलेली बरी.

तिचं नाव पंचशीला. सत्तावन्न सालचा जन्म, म्हणजे घरात बुद्धाची तसबीर लागल्यानंतरचं पहिलं लेकरू. तिच्या थोरल्या भावाचं नाव रामकिशन आणि हिचं पंचशीला, यावरूनच त्या घरात मधल्या काळात काय झालं ते कळतं. माहेर हदगावजवळचं एक खेडं. नोकरी नर्सची. लग्नाआधी दोन वर्षं ती किनवट तालुक्यात इस्लापूरच्या बाजूला उपकेंद्रावर होती. तिथलं जंगल तिच्या डोक्यात जे शिरलं ते नंतर निघालंच नाही.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेतून अर्धी कचेरी इकडं आली, तिच्या कपाटांबरोबर मीही आलो. तेव्हाचं लातूर म्हणजे नुसती जमिनीची हवा. ज्याला त्याला प्लॉट पाहिजे. आमचे घरमालक गुरुपादप्पा कापडाचं दुकान गल्ल्यावरच्या पोरावर सोडून रोज कुठला तरी माळ बघून यायचे. मीही एका मित्राच्या नादानं बार्शी रोडला एक प्लॉट हेरला आणि मोठ्या ऐटीत घरी येऊन सांगितलं.

पंचशीला भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तिथं झाड हाय का?"

"प्लॉटवर झाड कशाला लागतं?"

"मंग नको."

मला राग आला. माझा राग लवकर येतो, हे तिलाही माहीत आहे. मी म्हणालो, अख्खं गाव वेडं आहे आणि तू एकटी शहाणी का? मग तिनं परात बाजूला सारली आणि मला ते सांगितलं, जे तीन वर्षांच्या संसारात कधी सांगितलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात ती पंधरा वर्षांची होती. वडील आधीच गेलेले. माय कोंडाबाई चार लेकरं घेऊन खडी फोडायच्या कामावर जायची. त्या माळावर सावली म्हणून नव्हती. माय दोन पहारी जमिनीत रोवायची, त्यांना आपल्या अंगावरच्या लुगड्याचा पदर बांधायची आणि त्या हातभर सावलीत धाकट्याला निजवायची. पदर बांधला की तिला जागचं हलता येत नसे. मग ती बसल्या जागीच दिवसभर खडी फोडायची आणि तिच्या पुढ्यातले दगड ही पोरगी डोक्यावरून आणून टाकायची. समोर गुरांची छावणी होती. तिच्यावर गवताचा मांडव. माय एकदा तिकडं बघत म्हणाली, "जनावराला छावणी हाय, माणसाला न्हाई."

दुष्काळ सरला आणि घर पांगलं. रामकिशन औरंगाबादेला कारखान्यात लागला, एक बहीण परभणीला दिली, धाकटा नांदेडला मामाकडं शिकायला गेला. गावातलं घर बसलं. माय गठुडं घेऊन तीन महिने या लेकराकडं, तीन महिने त्या लेकराकडं राहायची. दहा वर्षांत ही चार भावंडं मायसकट एका पंगतीला बसली नव्हती. लग्नकार्यातसुद्धा कुणा एकाची रजा मंजूर व्हायचीच नाही.

"मला माणसाची छावणी करायची हाय," पंचशीला म्हणाली. "झाडाखाली. दरसाल आठ दिस सगळ्यांनी तिथं यायचं. कुणाच्या घरी न्हाई. कुणाच्या बी घरी गेलं की माय पाव्हणी व्हती. चूल सुनंची, रांजण सुनंचा. माय हाय तंवर हे झालं पायजे."

मी बरं म्हणालो. पण मनातून म्हणालो, हे काही व्हायचं नाही.

पुढच्या मे महिन्यात आम्ही निघालो. लातूरहून एसटीनं नांदेड, तिथून मीटरगेजची गाडी. ती सहस्रकुंडाच्या स्टेशनावर इतक्या सावकाश थांबायची की थांबली हे खाली उतरल्यावर कळायचं. पंचशीलेचे नियम ठरलेले. जागा बघायची ती मे महिन्यात आणि भर दुपारी बारा ते तीन. पावसाळ्यात काय, माळसुद्धा हिरवा दिसतो. सागाचं जंगल तर मी लांबून बघून भुललो होतो. जवळ गेलो तर एकाही झाडाला पान नाही, नुसते खांब उभे. "सागाचं नाव काढू नका," ती म्हणाली, "त्यो उन्हाळ्यात नागडा असतो." तिला हवी होती जांभळं, करंज, मोह, उन्हाळ्यात पानं धरणारी झाडं. जागा पसंतीस उतरली की ती पिशवीतून सतरंजी काढायची, अंथरायची, आडवी व्हायची आणि मला शेजारी घड्याळ घेऊन बसवायची. तासाभरात अंगावर ऊन आलं की जागा बाद. आमच्या घरच्या माणसांना सात सतरंज्या लागत. सात सतरंज्यांना तीन तास सावली, हा तिचा हिशेब.

बरं, जमीन तरी कुठली मिळणार? त्या भागात जंगल सरकारचं. शेतं बहुतेक आदिवासींची. ती दुसऱ्या कुणाला घेता येत नाहीत, आणि येऊ नयेत हेच योग्य, असं पंचशीलेचं मत. मधे उरलेले तुकडे थोडे. त्यातून शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी पाहिजे, आणि आम्ही दोघंही नोकरदार. तेव्हा लक्षात आलं की आमच्या अख्ख्या गोतावळ्यात सातबाऱ्यावर नाव असलेला एकच माणूस आहे. हदगावजवळच्या दीड एकर खडकाची मालकीण कोंडाबाई. म्हणजे जमीन घ्यायची तर मायच्याच नावावर. पंचशीलेला हे ऐकून इतका आनंद झाला की तो कायदा जणू मीच तिच्यासाठी करून आणला होता.

इकडं लातुरात वेगळाच घोळ. एवढं कचेरीतलं माणूस बार्शी रोड सोडून किनवटला जमीन बघतंय, म्हणजे याला आतलं काही तरी ठाऊक असणार! गुरुपादप्पांनी एक दिवस मला दुकानात बसवून चहा पाजला आणि आवाज खाली आणून विचारलं, "बाबू, खरं सांगा. किनवट जिल्हा होऊन राहिला का?" मी शपथेवर नाही म्हणालो. त्यामुळं त्यांची खात्रीच पटली. महिन्याभरात बाजारातले दोघे जण किनवटला जाऊन जमिनीचे भाव विचारून आले.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात जागा सापडली. आप्पासाहेब नावाचे एक भले शेतकरी होते, त्यांचा ओढ्याकाठचा तुकडा. दहा-बारा जांभळं, करंजांची रांग, एक मोह. सतरंजीवर पंचशीलेला चक्क झोप लागली आणि तीन वाजून गेले तरी ऊन पायाशी आलं नाही. इसार दिला. मायची कागदपत्रं जमवायला आमचे सहा महिने गेले.

दिवाळीनंतर खरेदीखत करायला गेलो. आप्पासाहेब आम्हाला घेऊन शेताकडं निघाले. त्यांचं तोंड आनंदानं फुललेलं. वळण आलं आणि मला ओढा दिसला, पण झाडं दिसेनात. मला वाटलं, आपली वाट चुकली.

"बाई," आप्पासाहेब हात पसरून म्हणाले, "तुमच्यासाठी समदं साफ करून ठुलं! एक बूड न्हाई ठुलं. उद्या नांगर घाला."

त्या माणसानं स्वतःच्या गड्यांकडून, स्वतःच्या खर्चानं एकूण एक झाड काढलं होतं. कुठलाही शेतकरी गिऱ्हाइकाला झाडोऱ्यासकट जमीन देत नाही, त्याला ते कमीपणाचं वाटतं. भल्या मनानं केलेल्या कामाला शिव्या तरी कशा द्यायच्या? पंचशीला त्यांच्या घरी गेली, चहा प्याली, त्यांच्या सुनेला दिवस गेले होते तिचा रक्तदाब बघितला. इसार परत घेऊन आम्ही स्टेशनवर आलो. गाडी सुटल्यावर ती खिडकीकडं तोंड करून मुदखेडपर्यंत रडत होती. मी तिला कधी असं रडताना बघितलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं. त्या गाडीत बसून मी ठरवलं की आता ही जमीन मी शोधणार. तोवर मी नुसता घड्याळ धरून बसणारा माणूस होतो.

आणि मला ते सुचलं. सातबाऱ्यावर एक शब्द असतो, पोटखराबा. गटात जी जमीन पिकत नाही, दगड, ओढा, झाडी, ती त्यात जाते. आयुष्यभर मी तो शब्द नकलून काढला होता. घेणारा आधी पोटखराबा किती ते बघतो आणि जास्त असला तर उठून जातो. मी इस्लापूरच्या बाजूच्या तलाठ्याकडं गेलो आणि म्हणालो, "मला सगळ्यात जास्त पोटखराबा असलेले गट दाखवा."

तलाठ्यानं चष्मा काढला. "कमी म्हणायचंय का तुम्हाला?"

"जास्त."

तो एवढा हसला की बाहेरचे लोक आत डोकावले. पण वही उघडली. तिसऱ्याच पानावर होता अमृतराव नावाच्या माणसाचा गट. सात एकर, त्यात पाच एकर पोटखराबा.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात आम्ही तिथं गेलो. अमृतरावांनी आम्हाला पुढचे दोन एकर दाखवले, तेच पुन्हा फिरून दाखवले आणि मागच्या बाजूला काही केल्या नेईनात. शेवटी पंचशीला आपण होऊनच आत शिरली. ओरडतच बाहेर आली. मला वाटलं साप. तर ती म्हणत होती, "अहो, सतरंजी आणा! समद्या आणा!"

आत जांभूळ, करंज, बेहडा, मोह, आणि मधून एक नाला. नाल्याच्या वाळूत हातभर उकरलं की पाणी लागत होतं. त्या मे महिन्यात, जेव्हा लातुरात टँकरपुढं भांडणं चालली होती. सात कशाला, सत्तर सतरंज्या मावल्या असत्या. अमृतराव बिचारे ओशाळून म्हणाले, "झाडं लई हायत बघा. तेवढं सांभाळून घ्या. म्हणत असलाव तर साफ करून—"

"नका!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो.

या खेपेला इसारपावतीत मी माझ्या हातानं लिहिलं, की विकणाऱ्यानं एकही झाड तोडायचं नाही. दस्त लिहिणाऱ्यानं वाचून विचारलं, की साहेब, हे उलटं तर नाही ना झालं? किनवटला कोंडाबाईनं अंगठा दिला. एवढा दाबून दिला की शाई मागच्या पानावर उमटली.

घर म्हणाल तर दोन खोल्या. पलीकडच्या वस्तीवरच्या सरजाबाईनं आणि तिच्या माणसांनी कूड घालून, लिंपून, वर कवेलूचं छप्पर चढवून दिलं. आणि शहाऐंशीच्या मे महिन्यात चारही भावंडं आली. रामकिशनला रजा मिळत नव्हती, त्यानं साहेबाला सांगितलं की आईची छावणी आहे. साहेबाला ते काही कळलं नाही, पण रजा मिळाली. पहिल्या दुपारी जांभळाखाली पंगत बसली. चौदा माणसं. पिठलं-भाकरी आणि मिरचीचा ठेचा. रामकिशन, एवढा मोठा बाप्या, पहिला घास हातात धरून नुसता बघत राहिला. पंचशीला वाढता वाढता थांबली आणि मोठ्यानं म्हणाली, "झालं! झालं बघा!" तिचा तो चेहरा बघून मला माझाच अभिमान वाटला, आणि तो अजूनही वाटतो.

मधल्या एका दिवशी गुरुपादप्पाही येऊन गेले, जिल्ह्याची जागा कुठं ते बघायला. सतरंजीवर तीन तास घोरले आणि काही न विचारता परत गेले.

कोंडाबाई मात्र आठही दिवस जागेवर ठरली नाही. सरजाबाईबरोबर शेताच्या चारी कोपऱ्यांना जाऊन आली. नाल्यातला झरा दगड लावून बांधून काढला. मला विचारलं, "जावाई, दोन एकर पिकतंय म्हणता, त्याच्यात तूर येईल का?" मी म्हणालो, येईल की.

नवव्या दिवशी सगळ्यांची बांधाबांध झाली. आता मायची पाळी रामकिशनकडची होती. तो तिचं गठुडं उचलायला गेला तर तिनं ते हातातून काढून घेतलं.

"मी कुठं येऊन राहिले? पाऊस तोंडावर आलाय. पेरायचं कुणी?"

"माय, एकटी राहशील का इथं?"

"एकटी कशी? सरजा हाय." मग माझ्याकडं वळली. "जावाई, तुम्ही कचेरीतले. कागदावर नाव कुणाचं हाय?"

"तुमचं, मामी."

"मंग?"

पंचशीला रडत होती आणि हसतही होती. रामकिशननं मायच्या हातातलं गठुडं घेतलं आणि परत आत नेऊन ठेवलं. कोंडाबाईनं प्रत्येक नातवंडाच्या हातावर वाटेला म्हणून मूठमूठ जांभळं ठेवली, आम्हाला बांधापर्यंत पोचवलं आणि म्हणाली, "चला, निघा. गाडी चुकंल. आन् पुढच्या खेपेला येताना आधी कळवून या."