मुक्ताबाईचं घड्याळ

उमापूरच्या शिवारात मेंढरं चारता चारता सुग्रीव छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. त्याची बायको मुक्ताबाई तेव्हा रडली नाही, नंतरही नाही. बाईचा दगड झाला, असं लोक म्हणत. तिलाही तसंच वाटायचं. सकाळी मेंढरं सोडायची, सांजेला परत आणायची, समोर भाकरी असली तर खायची.

लेक सुकन्या पुण्याला दवाखान्यात नर्स होती. दिवाळीला आली तेव्हा तिनं आईच्या मनगटावर काळं घड्याळ बांधलं. चालणं, झोप, काळजाचे ठोके, सगळं तिला पुण्यात मोबाईलवर दिसणार होतं.

"आबांच्या हातात हे असतं तर आधी कळालं असतं कदाचित," ती म्हणाली. मुक्ताबाईनं हात पुढं केला होता, तो तसाच राहू दिला.

आधी सुकन्या रोज सांजेला फोन करायची. आता आईचं सगळं तिथूनच दिसू लागलं, तसे फोन कमी होत गेले. आला तरी एवढाच.

"आई, तू रातच्याला झोपत न्हाईस."

"ठावं हाय मला."

"डॉक्टरला दाखव."

"बरं."

मुक्ताबाईला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. आज दिवसभरात आपण एवढंच बोललो, इतकं मात्र ध्यानात आलं.

एका सकाळी तिनं घड्याळ फळीवर काढून ठेवलं आणि मेंढरं सोडली. दुपारी बोरीखाली बसली असताना फोन वाजला.

"आई, ठोके दिसंनात. काय झालंय?" सुकन्यानं विचारलं.

"काई न्हाई. काढून ठिवलंय."

"कावून?"

"ते तुला माझं सांगतंय," मुक्ताबाई म्हणाली. "मला तुझं कोण सांगणार?"

पलीकडं सुकन्या रडू लागली. बापासाठी ती आईजवळ अशी कधी रडली नव्हती. मुक्ताबाईचे डोळे कोरडेच राहिले, पण मेंढरं पार बांधापलीकडं गेली तरी तिनं फोन कानाचा काढला नाही.

"नको असंल तर राहू दे," सुकन्या शेवटी म्हणाली. "पर महिन्याला गेवराईला जाऊन बीपी तपासायचा."

"जाईन."

शेजारच्या नाथाला डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं होतं आणि तो ओट्यावरून हलत नव्हता. घड्याळ त्याला गेलं.

सांजेचे फोन पुन्हा येऊ लागले. कधी दोघींना बोलायला काहीच नसतं. मागं एखादं मेंढरू ओरडतं, आणि सुकन्या विचारते, "कोणतं गं ते?"