एका बोटाचं कुंकू

कांताबाईवर मी आयुष्यात एकदाच ओरडले, आणि उगाच ओरडले असं आजही म्हणणार नाही. कामच तसं केलं होतं बाईनं.

वर्ध्यात एका ट्रस्टचा सिकलसेलचा दवाखाना होता. रक्ताचा आजार हा. आई-बाप दोघांच्याही रक्तात त्याचा अंश असला तर लेकराला पुरा आजार व्हायची भीती, म्हणून सोयरीक जुळवायच्या आधी तपासलेलं बरं. कांताबाई त्या दवाखान्याची गावोगाव फिरणारी बाई. शिक्षण सातवी, चाल अशी की एसटी चुकली तर वाट न पाहता पायीच निघायची. लोक सुईला भ्यायचे, हिला हाकलायचे. अल्लीपूरच्या बापूजींनी दोनदा अंगणातूनच वाटेला लावलं. तिसऱ्या वेळी ही ओट्यावर बसली ती उठेचना.

"एकदाच टोचीन," ती म्हणाली. "जिंदगीत पुन्हा नाई. मी लिहून ठेवीन."

बापूजींच्या घरच्या अकरा जणांनी हात पुढे केले. मग हाच शब्द तिनं गावोगाव दिला. नऊ वर्षांत सहा हजारांवर माणसं झाली.

दोन हजार सालापासून ते सगळं कॉम्प्युटरवर चढत गेलं, आणि जुनी कार्डं वाळवीनं खाल्ली. सर्व्हर सांभाळायला मी, ज्योत्स्ना. स्टेशनजवळ माझं दुरुस्तीचं दुकान होतं. टेपवर नक्कल काढायचं यंत्र वर्षभर बंद पडलं होतं, त्यासाठी डॉक्टरांना मी तीन चिठ्ठ्या दिल्या होत्या. चिठ्ठ्यांनी काय होते म्हणा! चौथ्या वेळी जाऊन भांडायला पाहिजे होतं, तिथं मी कमी पडले.

दोन हजार तीनच्या दसऱ्यानंतर आठ दिवसांनी, भारनियमन संपून लाइन आली ती झटका देऊनच, आणि सर्व्हर उठेना. निरोप मिळून मी पोचले तर काय, कांताबाईनं पाचही डिस्का उपसून, धूळ बसली असेल म्हणून ओल्या फडक्यानं पुसून, सुपात गोळा करून ठेवलेल्या. कोणती कुठल्या खणातली, पत्ता नाही.

डिस्का धडधाकट होत्या. मेलं होतं ते आतलं कंट्रोलर कार्ड. एकेका माणसाची नोंद तुकडे करून पाच डिस्कांवर वाटायची, आणि मागितली की जोडून द्यायची, हे त्याचं काम. पहिली डिस्क कोणती, पाचवी कोणती, हे त्याच्याच पोटात. नवं कार्ड आणता येतं, पण क्रम आपण सांगावा लागतो. चुकीचा सांगितला आणि कार्डानं त्यावर लिहायला घेतलं, की नऊ वर्षं पाण्यात.

"आता सहा हजार लोकांले पुन्हा टोचत फिरा," मी ओरडले.

ती भिंतीला टेकून खालीच बसली. मला कसंतरी झालं, पण राग खरा होता आणि तो मी गिळला नाही.

दुसऱ्याच दिवशी नागपूर गाठलं, तिथं चार दिवस वणवण केली. शेवटी भंगारात निघालेल्या एका सर्व्हरमधून अगदी तसंच कार्ड सापडलं. आता प्रश्न क्रमाचा. पाच डिस्का म्हणजे एकशेवीस तऱ्हा. त्या टेबलावर मांडल्या आणि डोकं धरून बसले, तेव्हा कुंकू दिसलं. दसऱ्याला कांताबाईनं मशीनची पूजा केली होती, प्रत्येक डिस्कच्या तोंडावर टिळा. पुसताना पूजेचं कुंकू तेवढं तिनं सोडलं होतं. एक टिळा लालभडक, दुसरा जरा कमी, शेवटचा नुसता डाग.

मी तिला विचारलं, दर टिळ्याला बोट बुडवलं होतं का.

"एकदाच बुडोलं," ती म्हणाली. "डावीकडून लावत गेली. पाच निंगतात एका बोटात."

मी गडद ते फिके अशा डिस्का डावीकडून बसवल्या. डिस्का कोऱ्या करू का, असं कार्डानं विचारलं. मी नाही म्हटलं. फक्त वाचायला उघडलं, लिहू काही दिलं नाही. अल्लीपूर शोधलं. बापूजींचं घर आलं, अकराच्या अकरा जण. सगळ्याची नक्कल दुसऱ्या मशीनवर उतरवली आणि मगच पाणी प्यायले.

कांताबाई पडद्यावरची नावं बोटानं मोजत होती. मी म्हटलं, चला, आता बापूजींना तोंड दाखवायला मोकळ्या.

"दाखवून आली," ती म्हणाली. "तू नागपूरले गेलती तवाच. माह्या हातानं मोडलं म्हणून सांगतलं."

मी विचारलं, मग काय म्हणाले ते?

"काई नाई. बाही वर केली अन् म्हणे, टोच."

"मग?"

"नाई टोचलं. म्हणलं थांबा, आमची पोरगी नागपूरले गेली हाय, खाली हात नाई येत ते."

हे मी ओरडले त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. मला रडू आलं, तिच्यासमोरच.