काकूंचं मेमरी कार्ड

काल फोनवर आईच्या आवाजातलं एक रेकॉर्डिंग लहान करताना 'दर्जा निवडा' असं आलं आणि अष्टमी गावातलं मोबाइलचं दुकान आठवलं. शेजारच्या काकूंनी आपल्या वारलेल्या आईने म्हटलेले धवले, म्हणजे लग्नातली गाणी, कॅसेटवरून मेमरी कार्डात भरायला नेले होते. मी सोबत होतो.

"कार्डात जागा नाय, काकू. फाइल दाबून लहान करू?" दुकानदाराने विचारलं आणि तशी करून ऐकवली. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येत होता.

"ही माझी आय वाटत नाय," काकू म्हणाल्या. "ती शिनेमाची गाणी काढ. आयला हाय तशी ठेव."

सिनेमाची गाणी मीच भरून दिली होती, त्यामुळे मला त्या गाण्यांचंच वाईट वाटलं. माझी आई तेव्हा घरी होती, हाक मारली की ओ देत होती.