शनिवारची मूठ

सत्यशीलाबाई ढोमणे यांनी भिलाईच्या सेक्टर दहामधल्या एका इंग्रजी शाळेत बावीस वर्षं शिवणकाम शिकवलं. माहेर वर्ध्याकडचं, नवरा कृष्णराव स्टील प्लांटमध्ये अधिकारी, क्वार्टरपुढे गुलाबाचे ताटवे. त्यांनी शिकवलेली काजं मुली अजून विसरलेल्या नाहीत. त्यांना स्वतःला मात्र पत्र्याचा एक डबा आठवतो, आणि तो आठवला की हातातली सुई खाली ठेवावी लागते.

डबा त्यांनीच वर्गात ठेवला होता, त्र्याऐंशी साली. दर शनिवारी प्रत्येक मुलीनं घरून मूठभर तांदूळ आणायचे आणि महिनाअखेर ते गरिबांघरी नेऊन द्यायचे. साहेबांच्या मुली हटकून विसरत. सातवीतली तारा नागोसे कधीच विसरली नाही. तिची मूठ म्हणजे चांगली ओंजळ असे. वर्गात सगळा कारभार हिंदी-इंग्रजीत, पण तिच्या कानाशी बाई कौतुकानं म्हणत, "आपल्या मराठी मानसाचा हात मोठा रायते, तारे."

तारा मान खाली घालून हसे. ती याच सेक्टरात मामाच्या क्वार्टरमध्ये राहते, असं रजिस्टरात लिहिलेलं होतं. बाईंनी त्यापलीकडे कधी विचारलं नव्हतं.

खुर्सीपारच्या मजूरवस्तीतल्या राशनवाल्यानं पाच गरजू घरं सांगितली. सगळ्यांत जास्त तांदूळ आणणाऱ्या चार मुलींना सोबत न्यायचं बाईंनी ठरवलं. पहिलं नाव ताराचं.

"मॅडम, मी नाही येत. डोकं दुखून राहिलं."

"गरिबाच्या दारात उभं राहाची लाज वाटते का तुले? मुकाट्यानं चाल."

ती मुकाट्यानं चालली.

दोन घरं झाली. तिसऱ्या घराचं दार एका बाईनं उघडलं. हात ओले, पदर कमरेला खोचलेला. तिनं मुलींकडे पाहिलं. तिची नजर एका जागी क्षणभर थांबली आणि लगेच पायाशी गेली. पदर सोडून तिनं डोक्यावर घेतला, दोन्ही हातांनी पिशवी धरली.

"बहुत मेहरबानी, मॅडम."

एका मोठ्या साहेबांची मुलगी ललिता, तोंडाची फटकळ. तिनं विचारलं, "आंटी, आपके बच्चे कितने हैं?"

"नहीं बेटी. कोई नहीं."

तिच्या खांद्यामागे भिंतीवर खिळा होता. खिळ्याला शाळेचा लाल पट्ट्यांचा टाय, गाठ न सोडता अडकवलेला. बाईंनी वळून पाहिलं. तारा ललिताच्या पाठीआड उभी होती, आणि तिच्या गळ्यात टाय नव्हता.

उरलेली दोन घरं कशी झाली ते बाईंना सांगता येत नाही. परतताना बसमध्ये ताराशेजारची जागा रिकामी होती. बाई तिथे बसल्या नाहीत.

पुढच्या शनिवारी ताराची मूठ आलीच. डब्यात पडताना बाईंना दिसली. त्यात बारीक दुबराज तांदूळ होता, राशनचा जाड पिवळसर उकडा होता, कुणाच्या घरची कणीही होती. असा सरमिसळ तांदूळ कुठल्याच घरी शिजत नाही. तो फक्त त्यांच्या डब्यात झाला होता, आणि त्यांनीच तो त्या तिसऱ्या घरी देऊन टाकला होता.

मुली ओळीत उभ्या होत्या. ताराला दर वेळी शाबासकी मिळते हे सगळ्यांना ठाऊक. आज दिली नाही तर ललिता हमखास विचारणार.

"शाबास, तारा," बाई म्हणाल्या.

सोमवारी डबा त्यांनी घरी नेला. कृष्णराव जेवताना म्हणाले, "काहून आनला वो परत? चांगलं नाव होऊन राहिलं होतं तुमचं."

"उंदीर लागले होते."

वर्गालाही त्यांनी तेच सांगितलं. तास सुटल्यावर तारा एकटी टेबलाशी आली. कापडाचा तुकडा बोटांत चुरगाळत उभी राहिली.

"मॅडम, मायं काही चुकलं का?"

"नाही गं. तुह्यं काय चुकते! उंदीर होते डब्यात."

तारानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. बाईंनाच नजर खाली घ्यावी लागली.

"बरं मॅडम," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, मोठ्या बाईसारखी. "कोनी विचारलं, तर मीबी उंदीरच सांगीन."